चार प्लगांचं प्रकरण

आमच्या गाडीला उचकी लागली तेव्हा तिच्या काट्यावर दोन लाख त्रेचाळीस हजार किलोमीटर झाले होते. आमच्या गाडीला असं मी म्हणतो खरा, पण गाडी बायकोची. ती फिजिओथेरपिस्ट आहे. घरोघरी जाऊन अंथरूण धरलेल्या माणसांना गोड बोलून उभं करते आणि उभ्या राहिलेल्यांना दमात घेऊन चालवते. त्या गाडीवर माझा हक्क एवढाच की, तिच्या शेजारच्या सीटवर बसून "जरा हळू" म्हणायचं.

गाडी हायब्रिड. म्हणजे थोडी पेट्रोलवर, थोडी विजेवर, आणि कधी कशावर चालायचं ते तिचं ती ठरवते. सिग्नलला थांबली की इंजिन बंद करून गप्प बसते, निघते ती बॅटरीवर, पावलं न वाजवता. आणि मग मनात आलं की इंजिन चालू करते. हे तिच्या मनात कधी आलं, ते पूर्वी आत बसलेल्याला कळतसुद्धा नसे. हल्ली कळायला लागलं होतं. इंजिन चालू होताना गाडी आधी शहारायची, मग दोनदा दचकायची आणि शेवटी घसा खाकरावा तशी खाकरून चालू लागायची.

एका शुक्रवारी मानेला पट्टा लावलेल्या एक बाई या गाडीतून घरी गेल्या. उतरताना त्यांनी बायकोला विचारलं, "माझी मान त्या जिन्यावरून पडल्यामुळे दुखत होती ना? मग आता ही दुसरी बाजू का दुखतेय?"

बायकोने घरी येऊन किल्ली टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे आपटली.

"सोमवारी खुब्याचा सांधा बदललेल्या आजोबांना दवाखान्यातून घरी आणायचंय," ती म्हणाली. "रुग्णवाहिका म्हटलं की ते घाबरतात. माझ्या गाडीतून यायला कसेबसे तयार झालेत. त्यांना चौकात असा धक्का बसला तर मी त्यांच्या मुलीला काय तोंड दाखवू?"

आम्ही तडक सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरमागच्या कडक इस्त्रीवाल्या माणसाने गाडी चालू केली, कान दिला आणि विचारलं, "प्लग कधी बदललेत?"

"कुठले प्लग?" मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. वर्षानुवर्षं दात न घासलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. मग समजावलं, की इंजिनात पेट्रोलला ठिणगी देणारे चार प्लग असतात, ते पुष्कळ चालतात, पण अमर नसतात. या गाडीत त्यांच्यापर्यंत पोचायला आधी वायपर, मग वायपरखालचं ताट, मग त्याखालचं पत्र्याचं ताट, असं सगळं उतरवावं लागतं. अर्ध्या दिवसाचं काम, आणि पुढची तारीख अकरा दिवसांनी.

"अकरा दिवस?" बायको म्हणाली. "मला सोमवारी गाडी हवीय."

"मीच बदलतो," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, याची मी पुढे पुष्कळ चौकशी केली. कारण बहुधा माझी नोकरी. गेली एकवीस वर्षं मी विमा कंपनीत मोटार दाव्यांच्या विभागात आहे. या एकवीस वर्षांत मी हजारो इंजिनं तपासली, सगळी कागदावर. "रेडिएटरास उजव्या बाजूने पोचलेली इजा" हे मी झोपेतही लिहू शकतो. रेडिएटर समोर आणून ठेवला तर ओळखता येईल की नाही, ही निराळी बाब. तशी वेळ कधी आली नव्हती.

बायको काही बोलली नाही. ती गप्प बसते तेव्हा मला जास्त बोलावं लागतं. त्यामुळे घरी पोचेपर्यंत मी या कामाला फार तर दोन तास लागतील, असं तीनदा सांगून बसलो होतो.

शनिवारी दुपारी मी चार प्लग, लांब नळीचा पाना, दहा नंबरचा पाना आणि एक टॉर्क पाना घेऊन आलो. टॉर्क पाना म्हणजे नट पुरेसा आवळला गेला की टक करून 'बास' म्हणणारा पाना. माझ्यासारख्या, कुठे थांबावं हे न कळणाऱ्या माणसासाठीच तो कोणीतरी शोधून काढला असावा. प्लग मात्र बोटाएवढे निघाले. एवढ्याशा वस्तूने एवढी मोठी गाडी दचकते, याचा मला गाडीच्या वतीने अपमान वाटला.

तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये जाऊन मी बॉनेट उघडलं, तोच मागून आवाज आला.

"परवानगी घेतलीत?"

आमच्या इमारतीच्या समितीच्या सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहतात. पेशाने त्या दातांच्या डॉक्टर आहेत, आणि नियमावर बोट ठेवतात तेही रुग्णाच्या किडक्या दाढेवर ठेवावं तसं, बरोबर दुखऱ्या जागी.

"डॉक्टरबाई, गाडी माझी आहे," मी म्हणालो. वरच्या मजल्यावरून बायको ऐकत असेल असं वाटून, "म्हणजे आमची."

"गाडी तुमची, पार्किंग सगळ्यांचं. इथे कसलीही दुरुस्ती करायची तर नमुना सात भरावा लागतो."

नमुना सात घरदुरुस्तीसाठी छापलेला होता. त्यात 'किती भिंती पाडणार' असा प्रश्न होता. मी लिहिलं, 'एकही नाही'. 'राडारोडा किती निघेल': 'चार नग'. 'वरच्या व खालच्या शेजाऱ्यांची ना हरकत सही' या रकान्यापाशी मात्र मी अडलो.

"वर तुम्हीच राहता," मी म्हणालो. "खाली कोणी नाही. पार्किंगखाली पाण्याची टाकी आहे."

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून विचार केला. "मग टाकीच्या वतीने पंपवाल्याची सही आणा."

पंपवाला संध्याकाळी येतो. आला, तेव्हा तो सही करायला तयार होईना. आपल्याला काहीतरी गोवतायत अशी त्याची खात्री झाली होती. "टाकीत काय सोडणार आहात?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. शेवटी मी त्याला चारही प्लग दाखवले. त्याने एकेक उलटसुलट करून पाहिला, वास घेतला आणि 'पाण्यास हात न लावण्याच्या अटीवर' असं लिहून सही केली. अशा रीतीने शनिवार संपला आणि काम सुरू करण्याची कायदेशीर बाजू तेवढी पूर्ण झाली.

रविवारी सकाळी आठ वाजता मी खाली उतरलो. गाडी गार होती, मीही शांत होतो. मी निघताना बायकोने दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. "नारिंगी वायरींना हात लावायचा नाही, त्यात मोठ्या बॅटरीचा करंट असतो. आणि किल्ली माझ्याकडे द्या. ती जवळ राहिली आणि गाडी जागी असली, तर इंजिन न सांगता चालू होतं." किल्ली मी दिली. पुढचं पाऊल म्हणजे छोटी बॅटरी सोडवणं. या गाडीत ती मागे डिकीत असते. हेही काम मी अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे केलं. एवढ्या सगळ्या प्रकरणात पुस्तकाप्रमाणे झालेली ही पहिली आणि बराच काळ शेवटची गोष्ट.

कारण तोवर जहाजवाले काका घडीची खुर्ची घेऊन आले होते.

काका दुसऱ्या मजल्यावर राहतात. उभी हयात जहाजाच्या इंजिनखोलीत गेली. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी अजून जिना उतरताना दोन्ही बाजूंच्या कठड्याला धरतात. त्यांनी खुर्ची बरोबर माझ्या उजेडात मांडली.

"अरे, बारा हजार घोड्यांचं इंजिन मी एकट्याने सांभाळलंय," ते म्हणाले. "तुझं हे म्हणजे शिवणयंत्र. तू हात चालव, मी सांगतो."

मी वायपरचे नट काढले. वायपर हलेनात. "ठोक," काका म्हणाले. मी ठोकलं. डावा वायपर निघाला, उजव्याचं टोपण उडून टाकीच्या झाकणाच्या फटीत गेलं. पाण्याला हात लावायचा नाही ही अट असल्यामुळे ते अजून तिथेच आहे. मग प्लॅस्टिकचं ताट निघालं, त्यात दोन लाख त्रेचाळीस हजार किलोमीटरचा पालापाचोळा होता. दहा वाजता पत्र्याचं ताट निघालं आणि इंजिनाचं पहिल्यांदा दर्शन झालं. ते मला वाटलं त्याहून बरंच मागे आणि खाली, लपून बसल्यासारखं होतं.

"आता प्लगचा पाना घ्यावा," मी स्वतःशीच म्हणालो आणि डिकीकडे वळलो. बाकीचे पाने, प्लग, गाडीचं पुस्तक, सगळं मी डिकीत नीट मांडून ठेवलं होतं. डिकी बंद होती.

"मी लावली," काका म्हणाले. "काम चालू असताना झडप उघडी ठेवायची नाही. जहाजावर असं केलंस तर बुडशील."

मी डिकीचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग हळूहळू उजेड पडला. हे बटण विजेवर चालतं, वीज त्या छोट्या बॅटरीतून येते, ती बॅटरी मी स्वतः, पुस्तकाप्रमाणे, सोडवली होती आणि आता ती डिकीत होती.

मी बायकोला हाक मारली. ती गॅलरीत आली.

"अहो, त्यावर उपाय आहे," ती वरून म्हणाली. "पुस्तकात दिलाय."

"पुस्तक डिकीत आहे."

तिने क्षणभर आकाशाकडे पाहिलं. "मागच्या सीटवरून आत जा. डिकीच्या दाराला आतून एक छोटं झाकण आहे. त्यामागची कळ स्क्रू ड्रायव्हरने ढकलली की उघडतं."

स्क्रू ड्रायव्हर सुदैवाने माझ्या हातात होता. मी मागच्या दारातून आत शिरलो आणि सीटच्या पाठीवरून पलीकडे उतरू लागलो. उतरू लागलो म्हणजे डोकं आणि हात पलीकडे गेले. बाकीचा मी विचार करत राहिलो. डिकीत बायकोची कामाची आयुधं होती. एक वॉकर, रबरी पट्ट्यांची पिशवी आणि व्यायामाचा एक भलामोठा निळा चेंडू, चांगला फुगवलेला. त्या चेंडूवर माझी छाती, सीटच्या पाठीवर पोट, आणि पाय मागच्या दारातून बाहेरच्यांना टाटा करतायत, अशा अवस्थेत मी अडकलो.

बाहेर माणसं जमल्याचं मला आवाजावरून कळलं.

"हे नमुना सातमध्ये नव्हतं," डॉक्टरबाईंचा आवाज.

"आत कोण आहे?" आणखी कोणीतरी.

"विमावाले."

"अपघात झाला का?"

"अजून नाही," काका म्हणाले.

मग बायकोचा आवाज आला, अगदी जवळून. ती खाली आली होती. "घाबरू नका. श्वास घ्या. आता पूर्ण सोडा. पोट आत. उजवा गुडघा छातीकडे. छान. आता डावा हात लांब करा, अजून थोडा, जमतंय."

हा तिचा रुग्णांशी बोलायचा आवाज. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण इतक्या प्रेमाने ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. दुर्दैवाने तेव्हा माझं तोंड वॉकरमध्ये होतं. मी श्वास सोडला, हात लांब केला, झाकण काढलं, कळ ढकलली. दार उघडलं. आधी चेंडू निघाला आणि उताराने टप्पे घेत फाटकापर्यंत गेला. त्याच्यामागून मी. चेंडूचं उतरणं अधिक डौलदार होतं, असं नंतर सगळ्यांचं मत पडलं.

यापुढे डिकीच्या दारात बायको स्वतः उभी राहिली.

इंजिनावर प्लगांना वीज पुरवणाऱ्या चार काळ्या कॉइल होत्या, एकेक बोल्टने बसवलेल्या. त्या उपसल्या की खाली खोल, अरुंद विहिरी, आणि प्रत्येक विहिरीच्या तळाशी एक प्लग. मी कॉइलींना चिकटपट्टीने नंबर लावले. पहिली निघाली. दुसरी निघाली. माझा आत्मविश्वास परत येऊ लागला, आणि नेमका तेव्हाच तिसऱ्या कॉइलचा बोल्ट बोटांतून निसटला. टिक, टिक, टुक. गेला विहिरीत.

बोल्ट आत असताना प्लग काढला तर तो थेट इंजिनाच्या पोटात जाणार, आणि मग सोमवारच काय, कुठलाच वार या गाडीचा राहणार नाही, हे मला कळलं. मी असे दावे वाचले होते. नामंजूरही केले होते.

"गाडी उलटी करावी लागेल," काका म्हणाले. "आम्ही टाकीतलं पाणी हलवून जहाज असं एका कुशीवर घ्यायचो."

बायकोने गाडीच्या टपावर हात ठेवला. "आजोबांना मी शब्द दिलाय हो," ती हळूच म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"सरका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्या वर जाऊन कधी आल्या ते कळलंच नाही. कपाळाला दिवा, हातात मोजे, एका हातात लांब दांडीचा आरसा, दुसऱ्या हातात लांब वाकडा चिमटा. त्या इंजिनावर वाकल्या आणि त्यांचा सेक्रेटरीपणा गळून पडला.

"दिसतोय. मागच्या भिंतीला टेकलाय. कोणी हलू नका." मग, सवयीने, इंजिनाला, "दुखलं तर हात वर करा."

चिमटा आत गेला. आम्ही श्वास धरला. बायकोने माझं मनगट धरलं होतं. चिमटा वर आला तेव्हा त्याच्या टोकाला बोल्ट होता. काकांनी टाळ्या वाजवल्या. पंपवाला कुठूनसा येऊन बघत होता, त्यानेही वाजवल्या.

त्यानंतर डॉक्टरबाई जाईनात. प्रत्येक जुना प्लग निघाला की त्या तो दिव्याखाली धरून तपासायच्या. "पहिला: झिजलाय, पण सरळ आहे. दुसरा: तसाच." तिसरा हातात आला आणि त्या थांबल्या. "हा बघा." पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढा तडा होता, त्यातून काळी रेघ उतरली होती. "ठिणगी टोकाला जायच्या ऐवजी इथून पळत होती. हाच तुमचा दुखरा दात. वाचवण्यासारखा नाही, काढला ते बरं केलंत."

मला भरून आलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच मी एखाद्या बिघाडाला प्रत्यक्ष भेटत होतो.

नवे प्लग मी आधी हाताने, बाटलीचं टोपण लावावं तसे हलकेच फिरवत बसवले, मग टॉर्क पाना लावला. टक.

"अजून आवळ," काका म्हणाले. "जहाजावर आम्ही दोघं लटकायचो पान्याला."

"काका," बायकोने अगदी साधेपणाने विचारलं, "जहाजाचा प्लग केवढा असतो हो?"

काकांनी खुर्ची थोडी सरकवली. पंपाकडे पाहिलं. चेंडूकडे पाहिलं.

"जहाजाला प्लग नसतो," ते म्हणाले. "डिझेल असतं ना. ते दाबानेच पेट घेतं."

"म्हणजे तुम्ही प्लग कधी..."

"कशाला लागतोय? बारा हजार घोडे बिनप्लगचे पळत होते."

सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत मी ज्यांच्या हुकमावर ठोकत, सोडवत आणि घाम पुसत होतो, ते माझ्याआधी कधीही, कुठेही, प्लग न पाहिलेले गृहस्थ होते. उरलेले तीन टक मी स्वतःच्या अकलेने वाजवले.

सगळी ताटं परत बसली, वायपर बसले, बॅटरी जोडली. पार्किंगमध्ये आता पंधरावीस माणसं होती. बायको चाकामागे बसली, मी शेजारी. तिने बटण दाबलं.

शांतता.

"नाही झाली सुरू," गर्दीतून कोणीतरी हळहळलं.

"झालीय," मी काच खाली करून म्हणालो. "हायब्रिड आहे. आत्ता बॅटरीवर आहे."

"मग आवाज?"

"आवाज नसतो."

"प्लग काढण्याआधी तर होता," पंपवाला म्हणाला, आणि लोक माना हलवत पांगले. पाच तासांच्या कष्टाचा शेवट असा बिनआवाजाचा व्हावा, हे मला फार लागलं. इंजिन चालू होईपर्यंत फिरायचं ठरलं. काका आणि डॉक्टरबाई मागे बसले. एक तंत्रज्ञ म्हणून, दुसऱ्या काम समाधानकारक झाल्याचा नमुना आठ भरून घ्यायला.

गाडी फाटकाबाहेर पडली, गल्ली ओलांडली, दवाखान्याकडच्या चढाला लागली. मी कान टवकारून बसलो होतो. शहारा नाही, दचकणं नाही, काही नाही.

"इंजिन काही चालू होत नाही बाबा तुझं," काका मागून म्हणाले.

बायकोने समोरच्या पडद्याकडे बोट केलं. त्यावर इंजिनाच्या चित्रातून चाकांकडे बाण पळत होते. "तीन मिनिटं झाली चालू होऊन."

मी त्या बाणांकडे बघत राहिलो. खिडकीबाहेर बघायची अचानक मला गरज भासली, ती मी भागवली.

"मग बिघाड होता कुठे?" काका म्हणाले. "एवढी छान तर चालतेय. उगाच उघडून बसलास."

मी उत्तर देणार होतो, पण चौकात सिग्नल लागला. गाडी थांबली, इंजिन बंद झालं. आजोबांना घेऊन उद्या इथूनच वळायचं होतं. दिवा हिरवा झाला. गाडी निघाली, वळली, आणि वळता वळता इंजिन चालू झालं. ते आम्हाला फक्त बाणांवरून कळलं. बायकोने रस्त्यावरची नजर न काढता माझ्या गुडघ्यावर हलकेच थाप मारली. आणि बिनकाठीने पहिलं पाऊल टाकणाऱ्या माणसाशी ती ज्या आवाजात बोलते, त्या आवाजात म्हणाली, "छान. आता पुन्हा एकदा."

आम्ही चौकाला पुन्हा फेरी घातली. मग पुन्हा. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "छान, आता पुन्हा," आणि प्रत्येक वेळी मी आधीपेक्षा ताठ बसत होतो. आणखीही कितीतरी फेऱ्या झाल्या असत्या. पण पाचव्या फेरीला मागच्या सीटवर डॉक्टरबाईंनी घाईघाईने नमुना आठची कोरी प्रत शेजारी धरली, पिशवीसारखी दुमडून. जहाजवाल्या काकांना गाडी लागली होती.